पिवळं चिन्ह गेलं

गुरुवार, सुट्टी

कॉम्प्युटरमधून आवाजच येईना. उद्या बायकोचा, सुनंदाचा पहिला ऑनलाइन शिवणक्लास, आणि पडद्यावर ‘अननोन डिव्हाइस’, शेजारी ते मेलं पिवळं चिन्ह. मॉडेलच्या नावानं सापडले तेवढे ड्रायव्हर टाकून झाले. शेवटी खालच्या मोबाइल दुकानातल्या इरफानभाईंना बोलावलं. ते हसलेच. “राव, चाकणला कंपनीच्या स्टोअरमध्ये पार्ट नंबर बघितल्याशिवाय साधा नट देत नाही तुम्ही. ह्यालाही नंबर असतो की!”

मला कसं सुचलं नाही? त्या डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्येच नंबर होता. त्या नंबरानं शोधलं, साउंडचा ड्रायव्हर मिळाला, पिवळं चिन्ह गेलं. इरफानभाई चहालाही थांबले नाहीत. भलं होवो त्यांचं.

सुनंदानं मोशीच्या बहिणीला कॉल लावला. “येतोय का गं आवाज?”

“येतोय ताई. टेप घेऊनच बसलेय, सांग.”

क्लास उद्याचा होता. सुनंदानं आजच माप घ्यायला शिकवलं.