ऑर्गनच्या आतून

प्रिय युसुफचाचा,

मला मराठीत लिहायची सवय नाही, चुका दिसल्या तर हसा. पण परवा माझ्यामुळे आपला ऑर्गन बेसूर वाजला. तुमच्याशिवाय हे कुणाला सांगू?

घरी कुणाला त्यात इंटरेस्ट नाही. आई म्हणते, "त्या हमरिया पोर्टच्या गोदामात काय ठेवलंय तुझं?" काय ठेवलंय! इंग्लंडमधलं एक थिएटर बंद पडलं म्हणून कंटेनरमधून इथे शारजाला आलेला म्हातारा पाइप ऑर्गन. मुक्या सिनेमाच्या काळात यावर एकटा माणूस पाऊस, घोडे, लग्नाची घंटा, सगळं वाजवायचा. तुम्ही रत्नागिरीचे सुतार, तीन वर्षं त्याच्या भात्यांना नवं चामडं लावत बसलात. आणि मी कॉलेजची पोरगी, यूट्यूब बघून तुम्हालाच शिकवायला यायचे! कसं सहन केलंत?

आठवतं ना? शुक्रवारी नमाजनंतर तुम्ही आत पाइपांमध्ये, मी बाहेर. मी एक पट्टी दाबून धरायची, तुम्ही पाइपच्या डोक्यावरचं कडं हळूच ठोकायचं. सूर लागला की आतून आवाज यायचा, "पुढे!" एकसष्ट पट्ट्या, एकसष्ट वेळा "पुढे!" मध्येच, "काय गो, झोपलीस?"

आणि तो एसी! सकाळपासून फुल. जूनमध्ये, शारजात, मी स्वेटर घालून बसायचे.

"चाचा, आपण काय फ्रीजमध्ये राहतो?"

"गप बस गो. दाब."

शेवटच्या शुक्रवारी तुमचा फोन आला, "येतेस ना?" मी मॉलमध्ये होते. म्हटलं, "नेक्स्ट वीक पक्का." तुम्ही म्हणालात, "इन्शाल्ला."

सोमवारी तुम्ही गेलात. तुम्हाला रत्नागिरीला नेलं, मला एअरपोर्टलाही जाता आलं नाही.

नंतर गोदामात गेले, तर एका पट्टीत तुमची सुतारकामाची जाड पेन्सिल खोचलेली. म्हणजे एकटेच करत होतात? पट्टी अडकवायची, आत शिरायचं, परत बाहेर, दर सुराला? छातीत दुखतंय हे तरी सांगायचं ना, चाचा!

गोदामाचे मालक म्हणाले, ईदपर्यंत नीट वाजला नाही तर पाइप काढून हॉटेलच्या लॉबीत लावणार. नुसते शोसाठी! मुके!

म्हणून परवा मी तुमची पेन्सिल घेतली. एसीच्या घरघरीत सूर ऐकू येईना, तो बंद केला. पाच तास आत-बाहेर. संध्याकाळी मालक आले, एसी लावला, गोदाम गार झालं. मी वाजवलं. मालक बिचारे हळूच म्हणाले, "बेटा, ये तो रो रहा है."

तेव्हा कळलं. गोदाम तापत गेलं तसे पाइपांचे सूर चढत गेले. मी प्रत्येक पाइप वेगळ्या गरमीत लावला होता. सगळे पाइप एकाच गारव्यात लागावेत म्हणून तुमचा एसी सकाळपासून असायचा, माझा स्वेटर त्यासाठी होता! का नाही सांगितलंत? की सांगितलं होतंत आणि मी मोबाइल बघत होते?

ईदला दोन शुक्रवार आहेत. दोन्ही शुक्रवारी मी येणार, कुणी बोलावलं तरी दुसरीकडे जाणार नाही. एसी सकाळीच लावेन. स्वेटर घालेन. पेन्सिल खोचून आत शिरेन, आणि सूर लागला की जोरात ओरडेन, "पुढे!" मग बाहेर येऊन पुढची पट्टी मीच दाबेन. प्रॉमिस, चाचा.

तुमची,
सानिका