सिमेंट बसलेल्या पिकअपला जत्रेपर्यंत जाऊ देण्याबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी साहेब,
टर्की फोर्क काउंटी कार्यालय, पहिला मजला

विषय: नापास झालेल्या पिकअपला एका दिवसासाठी, एका डुकरिणीसह, नऊ मैल जाऊ देण्याबाबत.

संदर्भ: आपले निरीक्षक श्री. ट्रेंट मॅकलंग यांनी मंगळवारी माझ्या काचेवर चिकटवलेला लाल कागद.

महोदय,

मी खाली सही करणारा ऑर्व्हिल किसिंजर, वय ७१, राहणार ब्रश रन रस्ता, अर्ज करतो की काउंटीच्या जत्रेत सर्वांत जड डुकरिणीचं वजन घेणं उद्या शुक्रवारी दुपारी चारला बंद होतं. चार वाजून एक मिनिटानं आलेलं जनावर ते लोक काट्यावर घेत नाहीत. माझी बायको लव्हॉन अकरा वर्षं या स्पर्धेत उतरते आणि अकरा वर्षं दुसरी येते. यंदाची डुकरीण बर्निस मात्र अशी आहे की शेजारीपाजारी कुंपणापाशी येऊन नुसते बघत उभे राहतात. तेव्हा विषय गाडीचा असला तरी प्रश्न माझ्या घरातल्या शांततेचा आहे, हे आधीच सांगतो.

१. आमच्या गोठ्यामागं मातीचा बांध आहे. जुनी पिकअप त्याला मागून लावली की जनावर सरळ चालत गाडीत जायचं. जुनी गेली आणि मी चुलतभावाची घेतली. त्यानं ती तरुणपणी उंच करून घेतलेली. तिचा हौदा बांधापेक्षा पाच इंच वर येतो. बर्निस पाच इंच पाय उचलत नाही. फळी लावली, ती मोडली. दुसरी लावली, ती बर्निसनं हुंगली आणि घरी गेली.

२. गाडी खाली करायला गॅरेजवाल्यानं जो आकडा सांगितला, तेवढ्यात आणखी एक डुकरीण आली असती. म्हणून मी न्हाव्याच्या दुकानात विषय काढला. तिथं लोवेल बॅटसन म्हणाला, "अरे, बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून आपण मागं वाळूच्या गोण्या टाकतो, तेव्हा गाडी ढुंगण टेकते की नाही? मग आत्ताच टाक की!" हे सगळ्यांना पटलं. ऑगस्टात वाळूच्या गोण्या कोण ठेवतो? दुकानात नव्हत्या. तयार काँक्रीटच्या कोरड्या मालाच्या होत्या, आणि त्याही सवलतीत. वजन ते वजन, असा विचार करून मी सोळा गोण्या घेतल्या.

३. गाडी मोजून पाच इंच खाली बसली. मी लव्हॉनला हाक मारली. ती आली, तिनं टेप लावला आणि म्हणाली, "गाडी पाच इंच खाली गेली, गोण्या साडेचार इंच वर आल्या. ऑर्व्हिल, सोळा गोण्यांत तू अर्धा इंच कमावलास." यावर मी गोण्या फाडल्या आणि माल फावड्यानं पुढं केबिनकडं ओढला, म्हणजे मागच्या कडेला काहीच उंची राहू नये. युक्ती बरोबर होती, हे कृपया नोंदवून घ्यावं. फक्त त्या रात्री पाऊस आला.

४. सकाळी हौद्यात घट्ट काँक्रीटचा उतरता रस्ता तयार होता. पहारीनं एक तास ठोकलं. पहार वाकली.

५. मागचं बूड खाली म्हणजे पुढचं तोंड वर, हे मला संध्याकाळी दिवे लावल्यावर कळलं. माझ्या गाडीचे दिवे आता रस्त्यावर पडत नाहीत. ते पाद्री डॅनफोर्ड यांच्या वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीत पडतात. त्यांच्या बाईसाहेबांनी खिडकीतून विचारलं, "कोण आहे तिकडं? बोलावणं आलंय का?" मी म्हणालो, "मी ऑर्व्हिल आहे, बाई." त्या म्हणाल्या, "मग दिवे बंद कर, मेल्या!" या प्रकाराबद्दल मी दोघांची माफी मागितली आहे.

६. दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून तपासणीला गेलो. श्री. मॅकलंग यांनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "काका, ही पिकअप नाही, हा ओटा आहे." ते बोलले ते बोलले. पण पुढं ते, माझी बायको शेजारी उभी असताना, म्हणाले, "पाच इंचांचाच प्रश्न होता तर बांधावर पाच इंच माती का नाही टाकलीत?"

लव्हॉननं परतीच्या वाटेवर तो प्रश्न मला तीनदा म्हणून दाखवला. सरकारी माणसानं असा प्रश्न बायकोसमोर विचारू नये, असा काही नियम नसल्यास तो करावा.

७. आता मुख्य मुद्दा. मंगळवारी मी गाडी बांधाला लावून ठेवली आणि बर्निस आपणहून आत चालत गेली. या उन्हात काँक्रीट गार असतं. ती त्यावर पसरली आणि तेव्हापासून उठलेली नाही. खाणं-पिणं तिथंच देतो. मेहुण्याचा ट्रेलर आणला. त्याच्याशी मी चार वर्षं बोलत नव्हतो, तरी बोललो. बर्निसनं ट्रेलरकडं पाहिलं आणि कूस बदलली. म्हणजे साहेब, जनावर गाडीत आहे, गाडी चालू स्थितीत आहे, जत्रा नऊ मैलांवर आहे. मध्ये फक्त एक लाल कागद आहे.

८. सबब विनंती की एका दिवसाची परवानगी मिळावी. मी वचन देतो की गाडी उजेडातच चालेल, ताशी पंधरा मैलांच्या वर जाणार नाही, पुढं मेहुणा आपली गाडी चमकते दिवे लावून हळूहळू नेईल, आणि पाद्रींच्या घरावरून जाणार नाही. जत्रा झाली की काँक्रीट फोडायला लोवेल बॅटसन येणार आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.

आपल्या एका सहीवर सारं अडून बसलेला,

ऑर्व्हिल किसिंजर
गुरुवार, १४ ऑगस्ट

सोबत:
(अ) लाल कागद (काचेवरून निघेना, म्हणून अर्धाच)
(आ) बर्निसचा फोटो, शेजारी अंदाज यावा म्हणून लव्हॉनची धाकटी बहीण उभी आहे
(इ) वाकलेली पहार, गाडीत ठेवली आहे, मागितल्यास दाखवू

ता. क. (शुक्रवार, सकाळचे सव्वाअकरा) हा अर्ज मी स्वतः घेऊन येणार होतो. पण लव्हॉननं काल रात्री तो वाचला आणि म्हणाली, "तू असं लिहिलंस तर ते वाचायलाच सोमवार उजाडेल." आता ती स्वतः अर्ज घेऊन, त्याच गाडीतून, बर्निससकट निघाली आहे. वाट आपल्या कार्यालयावरूनच जाते. बाराच्या सुमारास गाडी आपल्या दारात उभी असेल. इंजिन ती बंद करणार नाही. वरच्या आठव्या कलमात मी एका दिवसाची परवानगी मागितली आहे, ती आज निघण्याआधीच मिळाली होती असं धरून कागदावर कालची तारीख घालावी.

आणि आपलं उत्तर नाही असं असेल, तर ते टपालानं मला कळवू नये. तिलाच समोर बसवून, आपण आपल्या तोंडानं सांगावं. मी आज दिवसभर घरीच आहे.