गोंडे परत आले

सोमवार, ता. ९

पोरी,

आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, तूही असशील असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. फोन उचलायचा नाही, मेसेज वाचायचा आणि मूग गिळून बसायचं, ही कुठली रीत? निळ्या खुणा दिसतात मला, इतकी काही मी अडाणी नाही. चौथी शिकलेल्या आईला पेन धरायला लावलंस, आता चुका काढत बसू नकोस.

तुला सांगितलं नव्हतं, माझी पिशवी काढली. बाजूच्या सगळ्या लवाजम्यासकट. त्यानंतर अंगाची नुसती भट्टी. कारखान्यात पडद्यांना गोंडे लावताना घाम कापडावर टपकायचा, मालकीण वैतागली. मग डॉक्टरनं गोळ्या दिल्या. पाकिटावरचं नाव चष्मा लावून दोनदा वाचलं. इस्ट्रोजेन. जे तुझ्या कपाटात सापडलं होतं आणि ज्यावरून बाबांनी घर डोक्यावर घेतलं होतं, तेच.

खरी गंमत पुढेच आहे. त्या डॉक्टरच्या हॉस्पिटलात एक संशोधक बाई आहे, तुझ्याच वयाची. या गोळीच्या आधीचं आणि नंतरचं रक्त तपासते. मीही दोन्ही वेळा दिलं. परवा तिनं कॉम्प्युटरवर दाखवलं. रक्तातल्या प्रथिनांच्या अंगावर म्हणे साखरेच्या बारीक साखळ्या लटकतात. ती मधुमेहवाली साखर नव्हे. वय झालं, पाळी गेली, की साखळ्यांच्या टोकाची साखर झडत जाते आणि अंगात सूज, जळजळ वाढू शकते.

मी म्हटलं, "म्हणजे गोंडे गळतात."

"तसंच समजा, काकू."

आणि गोळीनं माझे गोंडे परत आलेत, पोरी. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली, मला चष्म्याशिवाय फरक दिसला. कापड तेच राहून नुसत्या टोकांनी पडदा कसा वेगळा पडतो, हे मला कुणी शिकवायला नको. मी विचारलं, सकाळी बोटं आखडतात ती सुटतील का? तर म्हणे, "ते आज नाही सांगता येणार. म्हणून तर तपासतेय."

मग म्हणाली, "घरात आणखी कुणी हे औषध घेतं का? एकाच घरातल्या दोघी मला अजून मिळाल्या नाहीत."

"माझी मुलगी घेते."

"त्यांचीही पिशवी काढली?"

"तिला नव्हतीच."

दार उघडं होतं, आणि माझा आवाज तुला माहीत आहे, मशिनींच्या वरून बोलायची सवय. बाहेर बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. एकीनं तर तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, "बघता काय? मुलगीच आहे. कळायला वेळ लागला, एवढंच." संशोधक बाई हसलीबिसली नाही. म्हणाली, "मग त्यांना आणाच. तशा मुलींचंही रक्त आम्ही तपासतो."

घरी येऊन जेवताना बाबांना सांगितलं. मला वाटलं ताट उडणार. त्यांनी पेल्यात पाणी ओतून घेतलं. मग म्हणाले, "दोघींच्या नळ्या शेजारी ठेवल्या तर कुणाची कुठली हे त्या बाईला कळेल?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक? तिलाच विचारा."

"मग येऊ का मी बरोबर?"

एवढंच बोलले आणि हात धुवायला उठले.

इतकं खरडलं आणि जे लिहायचं ते राहिलंच. जाताना तू जिन्यात म्हणाली होतीस, "आई, एकदा चार लोकांत मला मुलगी म्हण, मग येईन." चार नव्हते. बाक भरलेलं होतं, शिवाय औषधं देणारा आणि झाडूवाली. माझं झालं. आता तुझा शब्द तू पाळ.

हे पत्र उद्या तुझ्या दाराखालून सरकवेन. दार वाजवणार नाही. रक्त शुक्रवारी सकाळी द्यायचंय, उपाशीपोटी. त्याआधी बाईला नाव कळवायचंय, आणि तुझं आताचं नाव मला माहीत नाही. तेव्हा गुरुवारी संध्याकाळपर्यंत सांग. फोनवर, तोंडानं. निळ्या खुणा चालणार नाहीत.

फोन उशाशी घेऊन बसलेली,
एका मुलीची आई