पंच्याखालची बोली

आबा, मी विमानातल्या जागेवर बोली लावली. तुम्हाला विचारलं नाही. तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, त्यामुळं विचारायचा प्रश्नच नव्हता, पण तुम्ही समोर बसला असता तरी विचारलं नसतं, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं घोळ नको.

तुमची थोरली नात जर्मनीत दवाखान्यात नर्स आहे. तिचं पोटाचं ऑपरेशन आहे. घरात दोन वर्षांची पोर, नवरा कामावर जाणारा, आणि डॉक्टरनं महिनाभर वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलंय. म्हणून मी चालले. मागच्या खेपेला गेले तेव्हा मधल्या खुर्चीत नऊ तास पाय लोंबकळत बसले, आणि उतरताना पाय असे सुजले होते की चपला हातात घेऊन चालले. आठ दिवस पलंगावर. मदतीला गेलेल्या आईला लेक ड्युटीवरून येऊन चहा करून देत होती. मिरजेचा डॉक्टर म्हणाला, पाय वर घेऊन आडवं पडून गेलात तर निभावेल, बसून गेलात तर परत तेच. या वेळी मी उतरणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ऑपरेशनला आत नेणार. त्या सकाळी मला माझ्या पायांवर उभं राहायचं आहे, पोरीला कडेवर घेऊन. एवढाच मामला.

विमानात पुढच्या बाजूला रुंद खुर्च्या असतात, त्यांचा पलंग होतो. त्याचं सरळ तिकीट काढायचं तर मला पेंडीचं दुकान विकावं लागेल. पण जायच्या आठ-दहा दिवस आधी कंपनी फोनवर निरोप धाडते, की पुढच्या जागा रिकाम्या राहिल्या तर देऊ, तुमची बोली सांगा. दुसऱ्यानं किती लावली ते दाखवत नाहीत. किती जागा शिल्लक आहेत तेही सांगत नाहीत. मान्य झाली की पैसे कापून घेतात, मग माघार नाही. सुनेनं हे सगळं वाचून दाखवलं आणि मला हसूच आलं. म्हटलं, “अगं, ह्यो तर पंच्याखालचा सौदा.” तिला काही कळलं नाही. ती साताऱ्याची, कॉलेज शिकलेली. तिनं बकऱ्यांचा बाजार कुठं बघितलाय.

तिला सांगावं लागलं. म्हसवडच्या बाजारात घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, हातात हात घालतात, वर पंचा टाकतात, आणि आत बोटं दाबून भाव ठरतो. तोंडानं आकडा काढायचा नाही. बघणाऱ्यांना नुसता पंचा हलताना दिसतो. सौदा झाला काय, मोडला काय, आतला आकडा आतच राहतो. हे मला तुम्हीच शिकवलं. मेंढरांच्या तळावर पावसात कोंडून बसलो की घोंगडं टाकायचा आणि माझी बोटं दाबायचा. पंजा दाबला की पाच, दोनदा दाबला की दहा. मी चुकले की टपली. भावाला जमत नव्हतं, मला जमत होतं, आणि तुम्ही आईला म्हणायचा, “हिचा हात बघ, दलालाचा हाय.” आबा, जो हात बाजारात न्यायचाच नव्हता त्याला शिकवलंत कशाला? तिसरीतनं काढून मेंढरांमागं लावलंत त्याचा राग नाही मला, सगळ्याच पोरी लावल्या होत्या. राग याचा आहे.

घरात तीन मतं निघाली, तिसरं माझं. तुमचे जावई, ते मिलिटरीतले, म्हणाले, “मी जम्मूपातूर टरंकेवर बसून गेलोय. नऊ तास म्हंजे काय लय न्हाई.”

“म्हणूनच कंबर गेली तुमची,” मी म्हटलं. “रोज सकाळी तेल कोण चोळतंय?”

ते पेपर घेऊन बाहेर गेले. लेकीचं फोनवर दुसरंच. “आई, उगं कशाला? मागं खुर्च्यांची एखादी वळ रिकामी घावली तर तितंच आडवी हो.”

“आन न्हाई घावली तर? तू आत, मी पलंगावर, आन पोरगी कुनाकडं?”

ती नर्स आहे, तिला पायाची सूज माझ्यापेक्षा चांगली कळते. मी तिच्या डोक्याला ताप नको म्हणून फोन ठेवला.

मग मी सुनेला घेऊन दुकानातच बसले, सकाळची गिऱ्हाइकं सरल्यावर. फोनवर एक पट्टी होती, डावीकडं लाल, उजवीकडं हिरवी, आणि बोट सरकवलं की सुई पळायची. कमी आकड्याला लाल, म्हणजे म्हणे मिळायची आशा कमी. सून सुई हिरव्यात न्यायला लागली. मी तिचा हात धरला. “मामी, हिरव्यात गेलं की नक्की मिळतंय.” मी म्हटलं, “ही सुई कुनाची? विकनाऱ्याची. ती तुला कवा पुरं म्हननार हाय का?” आबा, हा दलाल आहे, फक्त याला चहा पाजावा लागत नाही.

मी माझ्या पद्धतीनं विचार केला. बाजार उठताना न खपलेलं बकरं घरी नेऊन चारा तरी घालता येतो, उद्याच्या बाजारात उभं करता येतं. विमान उडालं की रिकाम्या खुर्चीचं शेणसुद्धा मिळत नाही. म्हणजे गरज त्यांनाही आहे. पण मागच्या खुर्चीचं माझं तिकीट त्यांनी आधीच खपवलंय, म्हणजे तेवढी घाईही नाही. मग सुनेला जागांचा नकाशा काढायला लावला. पुढं बऱ्याच खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या. सुट्ट्या संपलेल्या, शाळा चालू झालेल्या. त्यात सगळंच खरं असतं असं नाही म्हणे, शेवटी शेवटी भरतातही. असू दे. येतानाची बोली लावायची नाही, हे पहिल्यांदा ठरवलं. येताना मी सुजले काय आणि फुगले काय, घरी येऊन पडणार, त्याला पैसे घालायचे नाहीत. फक्त जातानाची. आणि आकडा लावायच्या आधी कागदावर लिहून ठेवला, चार चांगल्या मेंढ्यांचा. तुम्हाला कळावं म्हणून मेंढ्यांत सांगते. त्याच्यावर कंपनीनं नाचून दाखवलं तरी जायचं नाही. अख्खा आकडा सगळेच लावतात, म्हणून त्या आकड्यातच थोडे सुट्टे धरले होते. पैसे दुकानाचे, माझे.

सून म्हणाली, “मामी, दाबू?”

“सर बाजूला,” मी म्हटलं, आणि मी दाबलं.

कुणी हसलं नाही, आबा. कंपनीला कळलंच नाही हात कुणाचा ते.

तुम्हाला म्हसवडच्या बाजारातला तो दिवस आठवत असेलच, दोन बकरी विकायला नेली होती. तुमच्या उजव्या हाताला विळा लागून चिंध्या गुंडाळलेल्या, बोटं बधिर. डाव्या हातानं सौदा करत नाहीत. म्हणून चुलत्यांना संगं आणलं होतं आणि ते नेमके चहाला गेलेले. तुम्ही सकाळीच टेम्पोत म्हणाला होता, अकराच्या, म्हणजे अकराशेच्या, खाली उतरायचं नाही. व्यापारी पंचा टाकून उभा. “बोला, न्हाईतर मी चाललो.” तुम्ही इकडंतिकडं चुलत्यांना हाका मारताय, तो पाय उचलतोय. तुमच्या काखेखालनं मी हात घातला. चौदा वर्षांची होते. त्यानं नऊ दाबले, मी उत्तर दाबलं, आणि मग त्यानं निखारा लागल्यागत हात ओढला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं हसला. “म्हाताऱ्या, पोरीचा हात इकाय काडलास व्हय?” हसायला मग सगळेच आले. तुम्ही मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, “बाईचा हात पंच्याखाली गेला की मालाची न्हाई, घराची किंमत व्हती,” आणि दोन्ही बकरी त्याला साडेनऊनं देऊन टाकली, तिथून निघायच्या घाईत. त्यानंतर घोंगडं कधी टाकलं नाहीत. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं.

घराची किंमत होते म्हणालात. झाली की. पंधरा वर्षं पेंडीचं दुकान चालवते, त्यात घर उभं राहिलं, लेक शिकली, विमानात बसली. सांगलीतले ठोक व्यापारी माझ्याशी तोंडानं भाव करतात आणि मी लवकर आटपा म्हणते. तुम्ही ते बघायला राहिला नाहीत, तो दोष तुमचा नाही. पण ते वाक्य तुमचं होतं आणि ते खोटं होतं.

आज सकाळी कंपनीचा निरोप आला. बोली मान्य. परवा निघायचं. सून नाचायला लागली आणि मी आकडा लिहिलेला कागद काढून परत बघितला, कारण समोरचा इतका सरळ हो म्हणाला की आपण जास्त दिले हे शेंबडं पोरही ओळखतं. तीन मेंढ्यांतही भागलं असतं कदाचित. ते कधीच कळणार नाही. हा सौदा बरा की वाईट हे कंपनी ठरवणार नाही, मीही आज ठरवणार नाही. ती सकाळ ठरवेल, पोरगी कडेवर आणि लेक आत.

हा कागद कुणाला वाचायला द्यायचा नाही, दुकानातल्या चुलीतच जायचा आहे, म्हणून एक लिहिते. त्या व्यापाऱ्यानं माझा हात हसण्यावारी नेला, पण आतला आकडा काही बाहेर काढला नाही. बाजाराचा नियम त्यानं पाळला. मी दहा दाबले होते, आबा. अकरा नाही. तो निघाला असं वाटलं आणि माझी घाई झाली. बाईचा हात म्हणून चुकला नाही. पण चुकला होता.