पायडल वर येईना

५ जानेवारी, सोमवार
हिंगोलीला व्यायामाच्या डॉक्टरकडे. आता सोम-गुरू दोन खेपा. गाडीचं पायडल लई जड झालंय, दाबून दाबून पोटरी भरून आली. हे शेजारच्या सीटवर, पट्ट्यानं बांधलेले, मान एका बाजूला. पोळ्यापासून असंच. उजवं अंग गेलं, वाचा गेली. याच गाडीत पंचवीस वर्षं औंढ्याला दर्शनाची माणसं नेली-आणली यांनी.
डॉक्टरला परत विचारलं, यांना कळतं का? म्हणाला, सांगता येत नाही.
खलीलभाई मिस्त्रीला फोन केला. गाडी जुनी, एक्सलेटरची वायर मिळणार न्हाई, नांदेडहून मागवावी लागेल म्हणे. "तवरक वरून तेल सोडा भाभी, थोडं थोडं."

६ जाने., मंगळ
अंगणवाडीतून आल्यावर दुपारी बॉनेट उघडलं. वायरचं वरचं टोक सोडवलं, नळीत तेल सोडलं. शिलाई मशिनचं संपलेलं, घरात होतं ते खोबरेल घातलं. पायडल एकदम लोण्यासारखं. मीच केलं! कुणाला सांगावं?
यांची खाट समोर उन्हात होती. एकसारखे "अं अं" करून राहिले, डावा हात डोक्याला लावून राहिले. डोकं दुखत असंल. दाबून दिलं. हात झटकला माझा.

८ जाने., गुरु
मेलोच होतो आज.
सकाळी आठला निघालो, मरणाची थंडी. फाट्याच्या पुढं गाडी वेगात आली, पाय काढला तरी पायडल वर येईना. समोर धनगराची मेंढरं रस्ताभर. ब्रेक दाबते तर गाडी गुरगुरते, पुढंच ओढते. चावी बंद केली तवा थांबली, पहिल्या मेंढरापासून हातभर अंतरावर. म्हातारा काठी घेऊन आला, "बाई, डोळे हायेत का गोट्या?" यांच्याकडं बघितलं आन् काठी खाली घेतली. मग त्यानंच ढकलून कडेला लावून दिली.
मी स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडले. यांचा हात परत डोक्यावर. "दुखतं का हो?" दाबायला गेले तर जोरात ढकललं मला. एवढं मी कुणासाठी करून राहिले?
हिंगोली झाली न्हाई. ऊन चढल्यावर हळूहळू घरी आणली.

९ जाने., शुक्र
दुपारी एकला खलीलभाई येऊन गेला. दहादा पायडल दाबलं. "एकदम बराबर है भाभी. तुमचाच पाय आखडला असंल थंडीनं." म्हणजे मलाच चालवता येत न्हाई. धरणाच्या रस्त्यावर यांनी शिकवलं तवाचं आठवलं. पाय हलका ठेव, अंडं हाय समज पायाखाली.
पोराचा पुण्याहून फोन. "आई, विकून टाक तो डबा." मग यांना काय डोक्यावर नेऊ?
आक्काचा फोन आला, तिच्यापाशी मन मोकळं केलं. म्हणले, आता सुटले तर बरं आक्का, त्यांचंही आन् माझंही. ती म्हणाली, हळू बोल, ऐकतील. म्हणले, ऐकून कळतंय काय त्यांना, लाकूड झालंय.
खाट चार हातांवर होती.

१२ जाने., सोम
अंगणातच अडकली. सुरू केली आन् नुसती बोंबलायला लागली, पायडल खालीच. शेजारीण पळत बाहेर आली. बंद केली. यांना परत उतरवून खाटेवर घातलं, कंबर गेली माझी. हात डोक्यावर, अं अं. मी ओरडले, "दुखू द्या! मला काही न्हाई का दुखत?"
हात खाली आला. मग दिवसभर उचलला न्हाई.
उजव्या हाताची बोटं आखडायला लागलीत. व्यायाम चुकला की असंच होणार म्हणून डॉक्टरनं सांगितलेलं.
जीव विटला.

१३ जाने., मंगळ. भोगी
भोगीचं डोक्यावरून न्हायचं म्हणून खोबरेलाची बाटली घेतली. गोठलेली, पांढरी फट्ट. नेहमीसारखी उन्हात ठेवायला गेले आन् अंगणातच बाटली उलटी करून बघितली, थेंब हलला न्हाई.
वायरमधी तेच घातलं मी. सकाळी गोठायचं, दुपारी पातळ व्हायचं. खलीलभाई आला तवा दुपार होती.
आन् हे. डोकं दुखत नव्हतं त्यांचं. डोक्याचं तेल, म्हणत होते. मी बाटली ओतली तवाच खाटेवरून बघितलं त्यांनी. आठ दिवस सांगून राहिले आन् मी डोकं दाबून राहिले.
म्हणजे सगळं कळतं.
म्हणजे शुक्रवारचंही...
भाजी-भाकरी केली.

१४ जाने., बुध
खलीलभाईनं वायर काढून पेट्रोलनं धुतली, पातळ तेल घातलं. "खोबरेल? या अल्ला! गाडीचे बाल वाढवायचे होते का?" मला हसू आलं न्हाई. तो खाटेपाशी गेला, "उस्ताद, आता बराबर है," म्हणाला. हे त्याच्याकडं बघत होते. माझ्याकडं न्हाई.
तिळगूळ बारीक करून तोंडाशी नेला. तोंड उघडलं न्हाई.

१५ जाने., गुरु
सकाळी आठ. तीच थंडी. पायडल दाबलं की खाली, सोडलं की वर. यांच्याकडं बघितलं. हात मांडीवर. मी आपला हात डोक्याला लावला, म्हणले, "तेल हेच सांगत होतात ना?" हे खिडकीबाहेरच बघत राहिले.
मेंढरं भेटली त्या जागी गाडी उभी केली. म्हणले, आक्काला बोलले ते मनातलं नव्हतं.
खोटं. मनातलंच होतं. आन् हे बत्तीस वर्षांपासून ओळखतात मला.
डॉक्टरला सांगितलं, यांना सगळं कळतं. कशावरून, म्हणाला. तेलाचं सांगितलं, शुक्रवारचं न्हाई.
घरी उतरवताना डाव्या हातानं माझं मनगट धरलं. गच्च. खाटेवर टेकवलं तरी सोडलं न्हाई, मी वाकलेलीच राहिले. पडायच्या भेवानं धरलं का कशानं, त्यांनाच माहीत.
सोमवारी परत जायचंय.