संथेतल्या रिकाम्या जागा

१५ सप्टेंबर, सोमवार
तक्रार नोंदवून ठेवतो, काळाने यथावकाश दखल घ्यावी. शाळेने आणलेला नवा ऑनलाइन वर्ग माणसाला कारण नसताना शाबासकी देतो. नाव टाकलं: 'छान!' इयत्ता निवडली: 'छान!' इयत्ता चुकली म्हणून मागे फिरलो, तरी 'छान!', आणि वरून रंगीत कपटे उडाले. मी संस्कृत शिकवतो. हा शब्द आजवर फार जपून वापरला आहे. दहावीतल्या एका मुलीला एकदा म्हटलं तर ती रडायलाच लागली. यंत्राने हा अतिप्रसंग करू नये.

मुख्याध्यापकांचं (पुढे मु.अ., शाई वाचेल) फर्मान: दिवाळीच्या आत प्रत्येकाने आपले धडे रेकॉर्ड करून त्यावर चढवायचे.

घसा बसलेला. गणपतीतल्या आरत्या भोवल्या.

१७ सप्टें.
मु.अ.नी मला नसरीनबाईंच्या ताब्यात दिलं. विज्ञान शिकवतात, नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून पूल ओलांडून येतात. नवरा कुवेतला, त्यामुळे निम्मा संसार फोनवर. या विद्येत त्यांच्याइतकं मुरलेलं शाळेत कोणी नाही.

"सर, बोट एवढं दाबून नका धरू. घाबरतो तो."
"कोण?"
"फोन, दुसरं कोण. हलकं टेकवा. गंध लावता ना सकाळी, तसं."

रेकॉर्ड, थांबा, जतन करा. मधल्या सुट्टीत एवढं आलं. "नववीतली पोरं याच्यापेक्षा लवकर शिकतात," म्हणाल्या, "पण ती एवढे प्रश्न विचारत नाय."

पुढचा प्रश्न विचारायला गेलो तर शब्दाऐवजी नुसती हवा. त्यांनी बघितलं. "गणपती जाऊन किती दिवस झाले सर?"

पेणला घरी परतायच्या गाडीची वेळ झाली होती. निदान मी तसं म्हटलं.

२१ सप्टें., रविवार
सौ.चं निदान: घरामागच्या गणपती कारखान्यातली धूळ. कारखाना आमच्या लग्नाआधीपासून तिथेच आहे, एवढी वर्षं धूळ काय मुहूर्त बघत होती? माझं निदान: आरत्या. दोघांच्याही पदव्या भलत्याच विषयातल्या.

ज्येष्ठमध, गुळण्या, ओव्याची वाफ. फरक नाही.

"डॉक्टरकडे जाऊन या." "बघू." हे 'बघू' आमच्या घराण्यात पिढीजात चालत आलं आहे.

२४ सप्टें.
पहिला धडा रेकॉर्ड केला. पंखा बंद, खिडकी बंद, घाम. फोन शब्दकोशाला टेकवून समोर. शिकवलं ते संथेनेच, मला दुसरं येत नाही. मी एकदा म्हणायचं, मग पोरांनी दोनदा म्हणेपर्यंत गप्प बसायचं. पोरं समोर नाहीत, म्हणून त्यांची दोन आवर्तनं मनात म्हणून तेवढी जागा सोडली. देवः देवौ देवाः. गप्प. देवं देवौ देवान्. गप्प.

सौ. दारातून: "अहो, मध्येच थांबून मान कोणाला डोलावताय?"

वर्गात मुलांनी बरोबर म्हटलं की डोलावतो. ती सवय. राहू दिली.

शेवटी 'स्वच्छ करा' असं एक बटण दिसलं. खरखर जाईल म्हणून दाबलं. 'छान!'

२६ सप्टें.
धडा घरी बघून या म्हणून उपयोग नाही, निम्म्या पोरांचा फोन वडिलांबरोबर शिफ्टला कंपनीत जातो. म्हणून नववीच्या वर्गातच मोठ्या पडद्यावर लावला.

देवः देवौ देवाः देवं देवौ देवान् देवेन... रिकामी जागा एकही नाही. यंत्राने माझं मौन म्हणजे केर समजून झाडून टाकलेलं. वर्ग धापा टाकत मागून पळतोय. मागच्या बाकावरून आवाज: "सर, गाडी सुटते काय तुमची?"

सगळे हसले. मीही. माझ्या हसण्याला आवाज नव्हता. मुलांच्या गोंधळात कळलं नाही, दारात उभ्या नसरीनबाईंना कळलं.

नंतर, चहाच्या वेळी: "ते बटण बंद ठेवलं की जागा राहतील, त्यात काय नाय. गळ्याचं तसं नाय सर. कधी दाखवताय?"

'बघू' म्हणायला तोंड उघडलं. म्हटलं नाही.

२९ सप्टें.
पेणमध्येच दाखवलं. डॉक्टरीणबाई तरुण, गंभीर.
"तंबाखू? विडी?"
"संस्कृत."
हसल्या नाहीत.

नाकातून नळी घालून आतलं पडद्यावर दाखवलं. आयुष्यभर ज्याच्या जिवावर जेवलो तो कंठ प्रथमच पाहिला. एका स्वरतंतूवर पांढरट काहीतरी. पनवेलला जाऊन तिथला तुकडा काढायचा, तपासायला पाठवायचा. तोवर बोलायचं नाही.

"म्हणजे अगदीच?"
"हे विचारलंत तेही नको होतं."

सौ. परतताना वाटभर भाजीच्या भावाबद्दल बोलत होती.

३ ऑक्टो.
घरात पाटी आणली. सौ.: "लग्नानंतर पहिल्यांदाच माझी वाक्यं पुरी व्हायला लागलीत."

शाळेत फळ्यावर लिहितो, पोरं वाचतात. संस्कृत असं मुक्याने शिकवणं म्हणजे पोहणं पाटावर बसून शिकवणं.

नसरीनबाईंनी ते केर काढणारं बटण बंद करून दिलं. उरलेले धडे रेकॉर्ड करणार म्हणून पाटीवर लिहिलं. "आता? ह्या घशाने?" पाटी पुसली. तुकडा काढल्यावर घसा कसला राहील कोणाला ठाऊक. जे आहे त्यातच.

६ ऑक्टो.
सौ. बाजारात गेली की दार लावून म्हणतो. हळू, पण कुजबुज नको. कुजबुजीत ऱ्हस्व-दीर्घ मरतात. दोन दिवस निभावलं. आज पिशवी विसरली म्हणून ती परत आली.

"बोलायचं नाही म्हणाली ना ती?"
पाटीवर: हे बोलणं नव्हे, पठण.
तिने पाटी हातातून घेतली आणि पदराने पुसली. "पोरांना दुसरा मास्तर मिळेल." आत गेली. भांड्यांचा आवाज बराच वेळ.

मग कोमट पाणी आणून ठेवलं. मागच्या दाराने कारखान्यात गेली आणि तिथल्या पोरांना मूर्तींचं घासकाम तासभर थांबवायला सांगून आली. माझ्याशी रात्रीपर्यंत बोलली नाही. मला बोलता येत नव्हतं. एकूण समसमान.

९ ऑक्टो.
नववी. या वेळी रिकाम्या जागा जागच्या जागी. पडद्यावर मी म्हणतो, गप्प होतो, वर्ग दोनदा म्हणतो. बाजूला उभा राहून ऐकत होतो. हे जमलं, असं वाटलं.

षष्ठीला पहिल्या बाकावरची सानिका चुकली. आवाज खणखणीत, त्यामुळे सगळा वर्ग तिच्यामागून चुकला. अशा वेळी मी 'हं' करतो, तेवढ्याने वर्ग थांबतो. 'हं' आला नाही. हात वर केला. बघणार कोण? सगळ्यांचे डोळे पडद्यावर, आणि पडद्यावरचा मी समाधानाने मान डोलावतोय.

डस्टर आपटला तोवर दुसऱ्यांदाही तेच म्हणून झालं होतं. खडूच्या धुळीने खोकला आला.

सानिका जवळ आली. "सर, मान तर डोलवलीत तुम्ही."

खरं आहे. धडा संपला. 'छान!' कपटे.

१३ ऑक्टो.
मु.अ. खूश. खांद्यावर हात ठेवून, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने: "सर, आता निर्धास्त रजा घ्या. वर्ग काही अडत नाही. संस्थेच्या दुसऱ्या शाळांतही हेच लावू, तिथे संस्कृतला माणूस नेमायलाच नको."

चांगल्या मनाने म्हणाले. पाटीवर 'आभारी आहे' लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

नसरीनबाई पायऱ्यांपर्यंत आल्या. मी लिहिलं: मान डोलावणं कापता येईल का? त्यांनी वाचलं, पाटी परत दिली. "येईल. पण मग सर दगडासारखे दिसतील."
मग राहू दे.

१७ ऑक्टो., पनवेल
तुकडा काढला. भूल उतरताना ओठ हलत होते म्हणे. नर्सने सौ.ला विचारलं, काका जप करतात का. सौ. म्हणाली, "शाळा घेतायत."

अहवाल दिवाळीमुळे उशिरा. घशात काटेरी काहीतरी. पाणी गिळायलासुद्धा विचार करून.

२२ ऑक्टो.
पाडवा. सौ.ने ओवाळलं. ओवाळणी ताटात टाकताना दरवर्षी मी एखादा टोमणा मारतो, ती दरवर्षी रागावते. आज दोघेही क्षणभर थांबलो. मग ती निरांजन घेऊन आत गेली.

नसरीनबाईंचा फोन सौ.च्या फोनवर. "वहिनी, सरांना म्हणावं, अजून बरेच प्रश्न विचारायचे राहिलेत त्यांचे. मी वाट बघतेय."

३० ऑक्टो.
अहवाल उद्या मिळणार. सकाळच्या गाडीने दोघेही जायचं.

दुपारी पडलो होतो. स्वयंपाकघरातून माझा आवाज आला. क्षणभर वाटलं, परत आला. उठून गेलो. सौ. कणीक मळत होती, फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला. पडद्यावरचा मी म्हणालो, देवः देवौ देवाः. रिकाम्या जागेत ती म्हणाली, दोनदा. मग पुढचं. तिने संस्कृत कधी घेतलेलं नाही. षष्ठीला तीही चुकली. पडद्यावरच्याने मान डोलावली.

मी दारात दिसलो. "बघा, यांना चालतं," ती म्हणाली.

पाटी बाहेरच राहिली होती. 

"शिकायला नाही लावत. घर फार गप्प झालंय." पिठाच्या हाताने डोळ्यावरचे केस मागे सारले, पुढचा धडा लावला.

आता हे स्पष्ट लिहून ठेवतो, घोळ घालण्यात अर्थ नाही. आवाज कायमचा जाईल याची मला भीती वाटते. वर्गासाठी नाही. वर्गाची सोय लावली आहे, बरीवाईट. एवढे धडे म्हटले, त्यांतलं एक वाक्यसुद्धा तिला उद्देशून नाही. हाक नाही, टोमणा नाही, साधं 'अगं, चहा टाक' नाही. नववीला पुरेल एवढं म्हणून ठेवलं. तिच्यासाठी काहीच ठेवलं नाही.