अर्धा सूर खाली

मिलान, ३ जानेवारी १९५६

ती. पप्पांना इल्देचा नमस्कार, वि. वि.

चौदा तारखेला मी पार्माच्या ऑपेरात गाणार, हे पेपरात वाचलंच असेल. लंडन झालं, व्हिएन्ना झालं, लोक मोठी सोप्रानो, वरच्या पट्टीची गायिका, म्हणतात. पण आपल्या गावात पहिल्यांदाच, आणि धाक आहे तो थिएटरातल्या तुमच्या वरच्या गॅलरीचा, तिथल्या दर्दी कानांचा.

एक गोष्ट घरात कुणालाच सांगितलेली नाही. माझ्या गळ्यात गाठ आली आहे. तिसऱ्या अंकातला तो वरचा सूर लावला तर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टर म्हणतात. माघार घेतली तर बातमी फुटेल आणि पुढे कुणी बोलावणार नाही. म्हणून ते गाणं अर्धा सूर खाली घ्यायचं ठरवलं आहे. इतरांना कळणार नाही, तुम्हाला पहिल्या ओळीतच कळेल. तुम्ही नापसंतीची शीळ घातलीत की अख्खी गॅलरी घालते आणि गाणारीला पळवून लावते. पप्पा, त्या दिवशी गप्प बसा, एवढंच मागते.

तुमची इल्दे


पार्मा, ६ जानेवारी

चि. इल्देस आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि हातातला शिवायला घेतलेला गिऱ्हाइकाचा जोडा तसाच ठेवला. मला कशाला सांगितलंस? न सांगता गायली असतीस तर शीळ घालून मोकळा झालो असतो आणि घरी येऊन रडलो असतो. आता मला चोराचा साथीदार केलंस. एकतीस वर्षं मी गॅलरीत पहिल्या बाकावर बसतो. नान्दो मासळीवाल्यापासून सगळे आधी माझ्या तोंडाकडे बघतात. भल्याभल्या गाणाऱ्या बायांना मी शीळ घालून घरी पाठवलंय. लेकीसाठी नियम वेगळा? मी येणारच नाही.

तुझी आई म्हणते, मी दगड आहे. असेन. गळ्याला लोकरी मफलर गुंडाळत जा.

तुझा पप्पा


मिलान, ९ जानेवारी

ती. पप्पांना नमस्कार.

तुमचा बाक रिकामा दिसला की ओरेस्ते का नाही आला, असं सगळे विचारतील आणि कान टवकारून ऐकतील. म्हणून या. शीळ घालायची तर घाला, मी रागावणार नाही. कधी वाटतं, मूळ सुरातच गावं. आवाज गेला तर गेला, तुमची मान तरी खाली जायची नाही. आईला हे सांगू नका.

तुमची इल्दे


पार्मा, १७ जानेवारी

चि. इल्देस अनेक आशीर्वाद.

खालीच गायलीस, देवाचे उपकार. पहिल्या ओळीतच मला कळलं. गाणं संपलं तेव्हा नान्दोने कोपर मारलं आणि सगळी गॅलरी माझ्याकडे वळली. खरं सांगतो, ओठ आपोआप शिळेसाठी जुळले होते. मी उठून टाळ्या वाजवल्या. मग सगळेच उठले. तू वर बघून वाकलीस, पण तुझ्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

काल नान्दो खुशीत दुकानात आला. लेकीने गावाचं नाव राखलं म्हणाला. पुढच्या आठवड्यात कुणी नवी येतेय, ती म्हणे सूर खाली घेते, तिला सोडायचं नाही. मी त्याला सांगितलं, पहिला बाक आता तुझा, मी यायचा नाही. तो हसला. मग माझं तोंड बघून उठून निघून गेला.

इल्दे, एकतीस वर्षांत मी जिला जिला घरी पाठवलं, तिच्या गळ्यात काय होतं कुणास ठाऊक. त्यांच्यातल्या एकीनेही मला पत्र लिहिलं नव्हतं.

तुझा पप्पा